निळ्या रेघेची गोगलगाय

कृष्णनाथाने हाती घेतलेली एकही गोष्ट आयुष्यात पुरी झाली नव्हती, आणि हे गावाने बोलून दाखवायच्या आधी तो स्वतःच बोलून मोकळा व्हायचा. मधमाश्यांची पेटी आणली, तर माश्या पेटीत पाय न ठेवता देवळाकडच्या पिंपळावर राहायला गेल्या. टपालाने होमिओपॅथी शिकायला घेतली, ती स्वतःच्याच औषधाने घसा बसल्यावर थांबली. गोव्याच्या पेडण्यातल्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा. मुलं त्याच्यावर खूश असायची, कारण तास सुरू झाला की धडा बाजूला पडायचा आणि मास्तरांचा नवा प्रयोग पुढे यायचा. "माझ्या डोक्यात कल्पना येतात," तो म्हणायचा, "पण चहा पिऊन निघून जातात."

त्यामुळे शहाऐंशी सालच्या गणेशचवथीच्या तोंडावर पडवीच्या भिंतीवर त्याला ती गोगलगाय दिसली, तेव्हा हेही अर्ध्यावर राहणार असंच कोणीही म्हटलं असतं. राहिलं असतं तर बरं झालं असतं, पण नशीब आडवं आलं आणि ह्या खेपेला तो नेटाने पुढे गेला.

आधी ती पडवी सांगायला हवी. कृष्णनाथाचं आणि जयरामाचं घर एकाच कौलांखाली. पडवी सलग, मधे फक्त छातीएवढी भिंत. जयराम त्याच हायस्कुलात मराठी शिकवायचा. लग्न केलेलं नाही, त्यामुळे स्वतःच रांधायचा, स्वतःच पडवी झाडायचा. संध्याकाळी दोघे भिंतीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायचे आणि दिवे लागेपर्यंत गप्पा चालायच्या. दर वर्षी चवथीच्या आधी दोघे मिळून दोन्ही घरांना चुना काढायचे. एकच पिंप, एकच मिश्रण. भिजवलेल्या चुन्यात घर उजळ दिसावं म्हणून नीळ, आणि चुना भिंतीला धरून राहावा म्हणून उकड्या तांदळाची पेज. पेज घालायची कल्पना कृष्णनाथाची. नीळ किती घालायची तेही तोच ठरवायचा, कारण तो विज्ञानाचा माणूस. त्या वर्षी त्याचा अंदाज जरा चुकला आणि दोन्ही घरं निळीशार झाली. त्याची बायको शालिनी म्हणाली, गणपती आमचं घर चुकणार नाही, एवढं खरं.

आठवड्याभराने, पावसाची झिमझिम चालू असताना, परसातल्या अळवातून एक गोगलगाय पडवीच्या भिंतीवर चढली. बोराएवढी. शंख पातळ, फिकट तपकिरी, आणि त्याच्या वेढ्याबरोबर गोल फिरत गेलेली एक निळी रेघ. कृष्णनाथाने जन्मभर गोगलगायी पाहिल्या होत्या, पण निळी रेघ असलेली एकही नाही. तो भिंतीपाशी गुडघे टेकून बसला आणि शालिनीने जेवायला तीनदा हाक मारली तरी उठला नाही.

पुढच्या रविवारी तो पणजीला गेला आणि तिथल्या वाचनालयात एका इंग्रज साहेबाचा जाडजूड ग्रंथ उघडून बसला. गोगलगाय ओळखायची म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखंच असतं हे त्याला तिथे कळलं. तोंड उजवीकडे आहे की डावीकडे, वेढे किती, ओठ जाड की पातळ, नाभी उघडी की बुजलेली. सगळं तपासता तपासता तो एका वर्णनापाशी येऊन थांबला. तोंड जुळलं, वेढे जुळले, ओठ जुळला, नाभीसुद्धा जुळली. फक्त निळ्या रेघेचा उल्लेख नव्हता. शहाण्या माणसाने म्हटलं असतं की म्हणजे ही तीच. कृष्णनाथ म्हणाला की म्हणजे ही नवी प्रजाती.

नमुने दारूत ठेवावेत असं ग्रंथात लिहिलं होतं, म्हणून त्याने काजूच्या फेणीची बाटली आणली. चार दिवसांत फेणीतल्या गोगलगायींची निळी रेघ पुसट होत होत नाहीशी झाली. दुसरा कोणी असता तर दचकला असता. पण दारूत रंग उडतात असंही ग्रंथात होतं, आणि ग्रंथ खरा ठरला म्हणून कृष्णनाथाला आनंदच झाला.

शालिनी सुर्लाची, लोखंडाच्या खाणींच्या आणि तांबड्या धुळीच्या गावची. तिने चुलीपुढून एकदाच मान वळवली. "आमच्या सुर्लाक पांढरी कोंबीसुद्धा तांबडी आसता," ती म्हणाली. "म्हणान कोण मुंबयक पत्र बरयना." कृष्णनाथाने ते ऐकलं, हसला, आणि मुंबईला पत्र लिहायला बसला.

पत्र डॉक्टर सुमन यांना होतं, सोबत फेणीतले नमुने. ह्या बाईंनी सगळा जन्म गोगलगायींत घालवला होता. पत्र लिहिणं सोपं नव्हतं, कारण नावाची एक चाल होती. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचं लॅटिन नाव असतं, आडनाव आधी, नाव मागून. पण शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं. दुसऱ्या कोणा जाणकाराने ते मोठ्या मनाने द्यावं, आणि आपण तोवर जमिनीकडे बघत उभं राहावं. म्हणजे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांचीच ही रीत झाली, असं त्याच्या मनात आलं. तरी न्हाणीघरात, पाणी अंगावर घेताना, तो 'कृष्णनाथी' असा शब्द हळूच म्हणून बघायचा. कोणा फेर्नांदाच्या नावाचा आंबा गोव्यात घरोघरी खातात. मग आपल्या नावाची साधी गोगलगाय का असू नये, असं त्याला मनापासून वाटायचं.

इथवर सगळं घरातच होतं. घोटाळा झाला तो बाबाजीच्या चहाच्या दुकानात.

ते दिवस भाषेचे होते. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, ह्यावर गोव्यात घराघरांत फूट पडली होती. बाबाजीच्या दुकानात एका बाकावर कोकणीवाले बसत, दुसऱ्यावर मराठीवाले, आणि दोन्ही बाकांवरची माणसं बाबाजीकडे पावभाजी मागायची ती एकाच बोलीत. जयराम मराठीच्या बाकावर असायचा. जीव तोडून बोलायचा, मोर्च्याला जायचा. कृष्णनाथ कोणत्याच बाकावर बसायचा नाही. तो उभ्यानेच चहा प्यायचा, म्हणून बाबाजी त्याला "गोगलगाय आणि पोटात पाय" म्हणायचा.

त्या सकाळी कृष्णनाथ उभ्यानेच म्हणाला, "दिसायला सारखी म्हणून एकच कशी म्हणणार? ही स्वतंत्र आहे. कोणाचा पोटभेद नव्हे."

तो गोगलगायीबद्दल बोलत होता. पण दुकानाने ते भाषेबद्दल ऐकलं. मग कोकणीच्या बाकावरून टाळ्या पडल्या आणि कोणीतरी मास्तरांसाठी पावभाजी सांगितली. जयरामाने कप खाली ठेवला.

"हे आत्ताच बोलूचा होता तुका?" त्याने विचारलं.

"अरे, मी गोगलगायीचा सांगतंय."

"गोगलगायीच्या आडसून बोलू नको, किस्ना. बोलूचा तर सरळ बोल."

इथे कृष्णनाथाने हसून सोडून द्यायला हवं होतं. पण त्याच्यापुढे कोणीतरी आणून ठेवलेली पावभाजी होती, आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या, आणि माणूस अशा वेळी फार शूर होतो. "व्याकरण शिकवणाऱ्याक ह्यातला काय कळतला?" तो म्हणाला. जयराम उठला आणि छत्री न उघडता पावसातून निघून गेला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे खुर्ची आली नाही. पुढे यायला लागली, पण पाठ करून.

वर्ष वाईट गेलं. डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, माणसं मेली. तेव्हा गोगलगायीचं नाव काढायची कृष्णनाथालाही लाज वाटली. फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला, आणि दोन्ही बाक आपण जिंकलो म्हणायचं की फसलो, ह्यावर आपापसातच भांडू लागले. मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झालं. शाळेत झेंडा लागला, मुलांना लाडू वाटले, आणि दोन मास्तर झेंड्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

डॉक्टर सुमन यांचं उत्तर मधे येऊन गेलं होतं. फेणीतले नमुने लिबलिबीत झाले आहेत, त्यांत रेघ काही दिसत नाही, पुढच्या पावसात जिवंत दिसल्या तर कळवा, मी येईन. दुसरा कोणी खट्टू झाला असता. कृष्णनाथ मात्र शाळेत छाती काढून चालायला लागला, कारण मुंबईने नाही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी तो पडवीत बसायचा आणि पलीकडे जयरामाची खुर्ची करकरायची. ती करकर ऐकून तो आपली खुर्ची भिंतीजवळ सरकवायचा. भिंतीवरून डोकं काढून 'चुकलो रे' म्हणायला काही लागत नव्हतं. पण त्याने मनाशी वेगळंच ठरवलं होतं. नाव येऊ दे. नाव आलं की पेढे घेऊन जाईन, दाखवीन की मी खरंच गोगलगायीबद्दल बोलत होतो, मग तो बोलेलच. असा सगळा जीव त्याने त्या बोराएवढ्या शंखावर टांगून ठेवला.

पुन्हा चवथ जवळ आली. त्या वर्षी पिंपं दोन झाली. जयरामाने एकट्याने चुना काढला, आणि नीळ न घालता पिवडी घातली. पडवीची एक बाजू पिवळी झाली. कृष्णनाथाला फार लागलं. एवढा राग, की रंगसुद्धा वेगळा हवा. मग त्याने आपल्या पिंपात हट्टाने गेल्या वर्षीपेक्षा जास्त नीळ घातली, आणि पेजेचं अख्खं भांडं ओतलं.

गोगलगायी आल्या. निळी रेघ गेल्या वर्षीपेक्षा ठळक होती. कृष्णनाथ इतका हरखला की त्या दिवशी त्याने नववीच्या वर्गाला दहावीचा धडा शिकवला.

दोनच दिवसांनी बाबाजीने त्याला दुकानात थांबवलं. जयराम बाकावर बसला होता आणि समोर एका करवंटीत अळवाचं पान होतं. पानावर गोगलगाय. बोराएवढी, शंख पातळ, आणि वेढ्याबरोबर फिरलेली पिवळी रेघ.

"ही आमची," जयराम गंभीर चेहऱ्याने बाबाजीला म्हणाला, पण ऐकवायचं होतं ते कृष्णनाथाला. "स्वतंत्र आसा. निळयेचो आनी हिचो कायच संबंध नाय."

कृष्णनाथाने करवंटी उचलली. तोंड बघितलं, वेढे मोजले, नाभी बघितली. ह्या क्षणी पाचवीतल्या मुलाने मान वळवून दोन घरांच्या दोन भिंती आठवल्या असत्या. कृष्णनाथाच्या डोक्यात फक्त संताप चढला. "ह्यो माझ्याच गोगलगायीचो पोटभेद," तो म्हणाला. "रंग वेगळा म्हणून कोणी वेगळी प्रजाती होत नसते."

दोन्ही बाक एकदम हसायला लागले. वर्षभरात ते पहिल्यांदाच एकत्र हसले होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्याला सोडून सगळ्यांना दिसलं. जयराम मात्र हसला नाही. तो कृष्णनाथाकडे बघत राहिला. "ती खंय बसता, काय करता, ता नीट बघितलंस?" त्याने विचारलं. वर्षानंतर थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. कृष्णनाथाला तो टोमणा वाटला. तो तरातरा पोस्टात गेला आणि त्याने मुंबईला तार केली की दोन दावे आहेत, निवाडा करायला त्वरित यावे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याला.

डॉक्टर सुमन आल्या. पांढरे केस, कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. पेडण्याच्या बसमधून उतरून त्या चिखलातून चालत आल्या, तोवर बाबाजीचं अर्धं दुकान पडवीत जमलं होतं. जयराम आपल्या बाजूला कोपऱ्यात उभा होता. कृष्णनाथाने मेजावर निळ्या रेघेच्या पाच उत्तम गोगलगायी पानावर मांडून ठेवल्या होत्या. बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ भिंतीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि ओलसर चुन्यावरून बोट फिरवू लागल्या. तिथे बारीक नागमोडी ओरखडे होते, खालपासून वरपर्यंत. मग त्यांनी भिंतीच्या पायथ्याची घाण काडीने उचलली. ह्या बाजूची निळी होती. भिंतीवरून वाकून त्यांनी पलीकडची बघितली. ती पिवळी होती.

त्यांनी चुन्याचा वास घेतला. "ह्यात काय घातलंय?"

"पेज," कृष्णनाथ म्हणाला. "ती माझी कल्पना."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "मास्तर, तुमच्या मातीत चुना नाही. शंख बांधायला ह्यांना चुना लागतो. तुम्ही दर वर्षी तो भिंतीवर वाढता, वर पेज घालून. ह्या भिंत खातात. शंख पातळ, त्यामुळे पोटातलं बाहेरून दिसतं. रेघ शंखाची नाही, आतड्याची आहे."

कोणीतरी हसू दाबलं. कृष्णनाथ म्हणाला, "पण कापून बघितल्याशिवाय कसं?" त्याचा आवाज त्याला स्वतःलाच केविलवाणा वाटला.

"कापायला नको," म्हणत बाईंनी भिंतीच्या माथ्याकडे बोट केलं. तिथे, निळं संपून पिवळं सुरू होत होतं तिथे, एक निळ्या रेघेची आणि एक पिवळ्या रेघेची अशा दोघी एकमेकींना घट्ट चिकटून बसल्या होत्या. "ह्यांचं तर लग्न लागलंय. जात एकच. शंभरावर वर्षांपूर्वी लंडनात बसून एका साहेबाने हिला नाव दिलंय. तो गोव्यात कधी आलाही नव्हता." मग त्यांना बहुधा मास्तरांची दया आली असावी. "पेजेची कल्पना मात्र तुमची स्वतंत्र," त्या म्हणाल्या.

आता हसायला परवानगी मिळाली होती. सगळ्यात आधी कृष्णनाथच हसला, कारण त्याला ते येत होतं. "नवी प्रजाती मी शोधली नाय," तो म्हणाला, "मीच रंगवली." लोकांनी मांड्या थोपटल्या. शालिनीने बाईंना हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या वाढल्या, बाईंनी चार खाल्ल्या आणि संध्याकाळच्या बसने त्या निघून गेल्या. लोक पांगले. शालिनी आत गेली.

मग कृष्णनाथ पडवीत एकटा बसला आणि त्याला हसू आलं नाही. नाव गेलं ह्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. मधमाश्या गेल्या तेव्हाही तो जगला होता. पण आता पेढे घेऊन पलीकडे जायला कारण उरलं नव्हतं, आणि त्या एका कारणावर त्याने वर्ष काढलं होतं. भिंतीपलीकडे झाडूचा आवाज चालला होता. तो उठून भिंतीपाशी गेला.

"जयराम," तो म्हणाला. "ती स्वतंत्र नाय."

"माका म्हायत आसा."

"बाई आत्ताच म्हणाली, तू हयच होतंस."

"बाईन सांगूच्या आधी म्हायत आसा." जयराम झाडू टेकून उभा राहिला. "गेल्या चवथीपासून. माझी पडवी मीच झाडतंय मरे. रोज सकाळी निळी घाण. एक दिस बसान बघितलंय, तर भिंत खाय होती."

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"पंधरा दिस रागान. राग खरो होतो, खोटा कित्याक सांगू? तू लोकांसमोर बोललंस." जयराम खाली बघत म्हणाला. "मागीर राग गेलो. येवचा म्हणान दोनदा चपला घातलंय. पण इलो असतंय तर तू पयली गोगलगाय काढली असतीस, आनी माका खोटा बोलूक येना नाय. शाळेत तू कसो ताठ चलत होतंस. तुका असो मी कधी बघूक नाय. म्हटला, मुंबय महिन्याभरात नाय म्हणतली, मगे जातंय. मुंबयन वर्स लावला."

"आनी पिवडी?"

"ती तुका कळाची म्हणान. म्हटला, आता तरी भिंत बघशीत. तर तू गेलंस नि तार केलंस."

कृष्णनाथ हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. त्याने दोन्ही हात भिंतीच्या माथ्यावर ठेवले. चुना पावसाच्या दमटपणाने ओलसर होता, हात निळे झाले.

"माका नाव नको होता रे," तो म्हणाला. "तू बोलूचंस म्हणान व्हया होता. मुंबयक कित्याक, माका ती पयली तुका दाखवची होती."

जयरामाने झाडू भिंतीला लावला, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"ती घेवन ये तर," तो म्हणाला. "दाखय."